गोष्ट सांगावी कशी, कविता म्हणावी कशी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील अनेक मराठी घरांत आजी-आजोबा मराठी वाचतात, आई-वडील मराठी बोलतात आणि मुले मराठी ऐकतात. शाळेत हिंदी असल्यामुळे मुलांना देवनागरी लिपी येते. परंतु मराठी पुस्तकाचे पान समोर ठेवले की तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती अडखळतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. तीच मुले चांगली सांगितलेली गोष्ट अर्धा तास हालचाल न करता ऐकतात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीने १८१० मध्ये येथे तळ दिला आणि त्या लष्कराचेच पुढे शहर झाले. तेव्हापासून आपल्याकडची मराठी पुस्तकांइतकीच, किंबहुना अधिकच, तोंडातून कानात जात टिकली आहे. तो कान अजून उघडा आहे, म्हणून कथा सांगण्याचे आणि जुन्या कविता म्हणण्याचे काम मन लावून केले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. गेली काही वर्षे महिन्यातून एका रविवारी मी घरच्या बैठकीत पंधरा-वीस जणांसाठी हे करीत आलो आहे, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी तयारी त्यावर अवलंबून आहे. कथा पाठ करायची नसते आणि कविता पाठ केल्यावाचून म्हणायची नसते. कथा सांगणाऱ्याला प्रसंग डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. शब्द त्या वेळी सुचतील तसे यावेत. कवितेत मात्र कवीने ठेवलेला शब्द जागचा हलवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुष्कळ जण नेमके याच्या उलट करतात. कथा पुस्तकात बोट ठेवून वाचतात आणि कविता अर्धवट आठवणीतून, मधले कडवे गाळून म्हणतात.

निवड कानाने करावी

कागदावर उत्तम वाटलेली कथा सांगताना फिकी पडते, असा अनुभव वारंवार येतो. ज्या कथेचे सारे सौंदर्य लेखकाच्या चिंतनात असते, ती वाचण्यासाठीच राखून ठेवावी. सांगण्याच्या कथेत काहीतरी घडावे लागते, पात्रे तीन-चारांहून अधिक नसावीत आणि त्यांची नावे एकमेकांपासून ऐकताच वेगळी ओळखू यावीत. रमेश, सुरेश आणि महेश एकाच कथेत आले तर ऐकणारा दहाव्या मिनिटाला हरवतो. कथा मनात धरल्यावर ती घरातल्या एखाद्याला स्वयंपाकघरात काम चालू असताना सांगून पाहावी. त्याचा हात मध्येच थांबला तर ती कथा निवडावी.

लांबीचाही अंदाज हवा. माझा सांगण्याचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांच्या आसपास असतो, म्हणजे दोन हजार शब्दांची कथा सतरा ते वीस मिनिटे घेते. मुले असतील तर त्याहून मोठी कथा एका बैठकीत घेऊ नये.

पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीत लिहिलेल्या ग्रामीण कथांचा मोह अनेकांना होतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी केले आणि मराठी श्रोत्यांना त्या बोलीची गोडी लावली, हे खरे आहे. परंतु ती बोली त्यांच्या जिभेवर वाढलेली होती. ग्वाल्हेरात वाढलेल्या जिभेने उसना हेल काढला तर कथेपेक्षा हेलच ऐकू येतो. आपण जी मराठी घरात बोलतो तिच्यातच कथा सांगावी. तिच्यात एखादा हिंदी शब्द आला तरी चालेल.

लिहिलेले वाक्य आणि सांगितलेले वाक्य

कथेच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाचे काम वाक्ये मोडण्याचे आहे. लिखित मराठीत आपण नामाच्या आधी विशेषणांची आणि कृदंतांची, म्हणजे ‘काढलेल्या’, ‘पोखरलेला’ अशा क्रियापदांपासून झालेल्या शब्दांची, लांब रांग लावतो. उदाहरणार्थ, ‘धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाच्या काळजीने पोखरलेला सदाशिव त्या संध्याकाळी कचेरीतून घरी परतत होता,’ हे वाक्य वाचताना त्रास होत नाही, कारण डोळा मागे जाऊन पाहू शकतो. कानाला मागे जाता येत नाही. सदाशिव येईपर्यंत बहीण, लग्न, कर्ज आणि काळजी हे सारे ऐकणाऱ्याला हातात धरून बसावे लागते, आणि तो आल्यावर त्यातले निम्मे निसटलेले असते. तेच सांगताना असे होईल: ‘सदाशिव कचेरीतून निघाला. संध्याकाळ झाली होती. डोक्यात एकच विचार, कर्ज फेडायचं कसं? धाकट्या बहिणीच्या लग्नाला काढलं होतं ते.’ आधी माणूस उभा राहिला, मग वेळ, मग चिंता आणि शेवटी चिंतेचे कारण.

हे शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. श्रावणातल्या कहाण्या पुन्हा ऐकाव्यात. ‘आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, दुसरी नावडती.’ प्रत्येक वाक्यात एकच नवी गोष्ट येते आणि ती पक्की बसल्यावरच पुढची येते. या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगून सांगून घोटल्या गेल्या आहेत, आणि त्यामुळे सांगण्याचे व्याकरण त्यांच्यात शुद्ध स्वरूपात सापडते. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ या शेवटाकडेही लक्ष द्यावे. गोष्ट संपली हे ऐकणाऱ्याला ठाम कळते. सांगणारा ‘तर अशी ही कथा होती’ असे पुटपुटत बाजूला होत नाही.

म्हणून कथेचे पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे ठरवून घ्यावे. मधल्या भागासाठी एका छोट्या कागदावर पाच-सहा चित्रे लिहावीत. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीची टिपणे करायची झाली तर ती ‘शेणाचे घर, मेणाचे घर, पाऊस, बंद दार, बाळाची अंघोळ’ एवढीच होतील. कागद सांगताना हातात धरू नये, आदल्या दिवशी पाहून ठेवावा. याच गोष्टीत ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ हे पालुपद आहे आणि दुसऱ्या वेळेपासून मुले ते आपणहून म्हणू लागतात. मोठ्यांच्या कथेतही असे एखादे परत परत येणारे वाक्य शोधावे. त्याने ऐकणारा कथेत हात धरल्यासारखा चालतो.

संवाद सांगताना ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे दर वेळी लागत नाही. मान किंचित एका बाजूला वळवली की एक पात्र, दुसऱ्या बाजूला वळवली की दुसरे. आवाज बदलण्याचा अट्टहास करू नये. बाईचा आवाज बारीक आणि म्हाताऱ्याचा थरथरता काढला की ऐकणारे पात्रांना सोडून सांगणाऱ्याकडे पाहू लागतात.

एक प्रसंग, जवळून

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे भाग ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे पाडले, कारण श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आठवणी सांगतो अशी त्याची रचना आहे. सांगण्याचा श्वास त्या लेखनात मुळातच असल्यामुळे नवशिक्याने तेथून सुरुवात करावी. त्यातील एक प्रसंग सर्वांना परिचित आहे. लहान श्यामची अंघोळ झाली आहे, तळवे ओले आहेत, जमिनीवर पाय ठेवला तर माती लागेल म्हणून तो हटून बसतो, आणि आई त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरते. मग ती म्हणते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप.

हा प्रसंग सांगताना आपले सारे बळ आईच्या वाक्यावर खर्च करण्याची चूक बहुतेक जण करतात. बळ ओल्या तळव्यांवर द्यावे. पाण्याचे थेंब, मुलाचा हट्ट, आईची कामाची घाई आणि तरीही खाली वाकून तिने पसरलेले वस्त्र, हे दोन-तीन मिनिटे सावकाश दिसू द्यावे. त्यानंतर क्षणभर थांबून आईचे वाक्य अगदी साध्या, रोजच्या बोलण्याच्या आवाजात म्हणावे, कारण ती आपल्या कामांच्या ओघात बोलते आहे. आणि तेथेच संपवावे. मी हा प्रसंग पहिल्यांदा सांगितला तेव्हा शेवटी स्वच्छता आणि संस्कार यांविषयी पाच मिनिटे बोललो होतो. समोर बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे गोष्टीत भरून आले होते. माझ्या विवेचनात ते कोरडे झालेले मी पाहिले. तेव्हापासून मी गोष्टीचा अर्थ सांगत नाही.

कविता तोंडपाठच हवी

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी कागदावरून कविता वाचत असताना वीज गेली आणि चौथ्या ओळीवर मला थांबावे लागले. अंधारात वीस माणसे वाट पाहत होती आणि कविता मला येत नव्हती. ती खंत अजून गेलेली नाही. जी कविता अंधारात म्हणता येत नाही ती लोकांपुढे म्हणू नये, असा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

पाठ करताना आधी ती कविता गद्यासारखी सलग लिहून काढावी आणि बोलल्यासारखी वाचावी. यामुळे वाक्य कोठे संपते हे कळते, आणि ते ओळीच्या शेवटीच संपते असे नाही. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घ्यावी. तिच्यात ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे’ ही ओळ ‘पुढे’, ‘पडे’, ‘डोहाकडे’ अशा यमकांच्या ओढीत येते, आणि म्हणणारे बहुतेक ‘पडे’वर पूर्णविराम देतात. पण पायवाट तेथे संपलेली नाही. तीच पुढच्या ओळीत हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चालली आहे. ‘पडे’वर आवाज खाली न आणता श्वासाचा निसटता स्पर्श देऊन पुढे जावे आणि ‘डोहाकडे’ या शब्दावर आवाज व वेग दोन्ही उतरू द्यावेत. मग पाण्यावरचा तो काळिमा ऐकणाऱ्याला आपोआप दिसतो. या कवितेत पहिल्या दोन ओळींतल्या झऱ्यानंतर नजर दूरच्या टेकडीजवळच्या गावापासून शेतमळ्यांवर, शेतांतून पायवाटेवर आणि पायवाटेवरून पाण्यापाशी येते. म्हणणाऱ्याची स्वतःची नजरही तशीच दूरून जवळ यावी. हातवारे मुळीच नकोत.

जुन्या वृत्तांतल्या कवितांना दुसरा धोका असतो. भुजंगप्रयातात लघु-गुरु-गुरु असा एकच गण चार वेळा येतो, म्हणूनच समर्थांचे मनाचे श्लोक मुलांना झटकन पाठ होतात. पण त्याच झोक्यात अर्थही वाहून जातो. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती असतो. तेथे थांबावेच लागते, पण अर्थ तेथे थांबत नसेल तर तो थांबा अगदी अल्प ठेवावा. आधी वृत्तात, मग गद्यात आणि पुन्हा वृत्तात असे आठवडाभर म्हटले की दोन्ही एकमेकांना सांभाळू लागतात.

राजकवी भा. रा. तांबे तर आपलेच. मुंगावलीला जन्मलेले, ग्वाल्हेर दरबारचे राजकवी. त्यांच्या कविता म्हणताना अडचण येते ती गाण्यांची. त्यांतल्या कितीतरी कविता लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोहोचल्या आहेत, त्यामुळे ‘मावळत्या दिनकरा’ म्हणायला तोंड उघडले की चालच बाहेर येते. यावर उपाय एकच: पंधरा दिवस ते गाणे ऐकू नये आणि कविता कुजबुजत्या आवाजात म्हणावी, कारण कुजबुजताना स्वर लागत नाही. गाणे म्हणायचे असेल तर ते गाणेच म्हणावे. अर्धे गाणे आणि अर्धे बोलणे कानाला बरे वाटत नाही.

तांब्यांनी झाशीच्या राणीवर लिहिलेली कविता ग्वाल्हेरकरांनी तर म्हटलीच पाहिजे. ‘हिंदबांधवा, थांब या स्थळी’ असे ती सांगते, आणि पराक्रमाची ज्योत ‘इथे’ मावळली असे म्हणते. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरातच धारातीर्थी पडली आणि तिची समाधी फुलबागेजवळ आहे. ज्या रस्त्याने आपली मुले रोज जातात तोच हा ‘इथे’. मुलांना शाळेतून हिंदीतली ‘खूब लडी मर्दानी’ येत असते, आणि तिच्यात राणीची सगळी हकीकत येते. तांब्यांची कविता वाटसरूला समाधीपाशी उभे करते. म्हणून ‘थांब’ या शब्दानंतर खरोखर थांबावे, ऐकणाऱ्यांकडे पाहावे आणि मगच ‘या स्थळी’ म्हणावे. कवितेत पुढे तांबे कुळाचा आणि नेवाळकरांचा उल्लेख येतो. राणीचे माहेर तांब्यांचे आणि सासर नेवाळकरांचे, एवढे कविता सुरू करण्यापूर्वी एका वाक्यात सांगून ठेवावे, म्हणजे मध्ये टीप द्यावी लागत नाही.

हिंदीत वाढलेल्या कानासाठी

आपल्याकडे उच्चारांची वेगळी काळजी घ्यावी लागते. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’, ‘जग’ आणि ‘जगत्’ यांतला फरक लिपीत दिसत नाही. हिंदीची सवय असलेली जीभ सगळीकडे एकच उच्चार करते. ळ चा ल झाला तर ‘काळ’ आणि ‘काल’ एक होतात आणि ‘कळ’ची ‘कल’ होते. पाठ करायच्या कवितेत अशा अक्षरांखाली पेन्सिलीने खूण करावी. हे शुद्धतेच्या हट्टासाठी नाही. ‘औदुंबर’मधल्या ‘निळासावळा झरा’ या बालकवींच्या शब्दांतला नाद त्या ‘निळासावळा’मधल्या दोन ळ-कारांतच आहे.

काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात आणि अर्थाने दगा देतात. ‘मास्तरांनी शिक्षा केली’ हे वाक्य हिंदी माध्यमातल्या मुलाला शिक्षणासारखे ऐकू येते. ‘चेष्टा’, ‘संसार’, ‘राग’, ‘प्रकृती’ हेही तसेच. कथेत असा शब्द आला की तो बदलू नये आणि त्याचा हिंदी अर्थही सांगू नये. लगेच पुढे एक दिसणारे वाक्य ठेवावे. ‘मास्तरांनी शिक्षा केली. भर उन्हात उभं केलं.’ मूल गोष्टीतून बाहेर न पडता शब्द शिकते.

कथा आणि कविता एकत्र गुंफताना

कीर्तनकारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते, आणि आख्यान चालू असताना मध्येच साकी, दिंडी किंवा मोरोपंतांची आर्या अशी एखादी पद्यरचना येते. तेथे कथेचा वेग थांबतो आणि भाव दाटतो. आपणही कविता वेगळा कार्यक्रम म्हणून शेवटी न ठेवता कथेच्या शेजारी ठेवावी. आईच्या गोष्टीनंतर आईवरचीच कविता लावण्यापेक्षा ज्या कवितेत तीच संध्याकाळ किंवा तीच शांतता आहे ती घ्यावी. विषय जुळवला की शाळेचा कार्यक्रम वाटतो, भाव जुळवला की बैठक रंगते. तासाभरात एक मोठी कथा, एक लहान गोष्ट आणि दोन कविता पुरेशा होतात. एकच कविता सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा म्हटली तर दुसऱ्या वेळी ती अधिक पोहोचते, हे मी नेहमी पाहतो.

जागेबद्दल थोडेसे. तीस माणसांपर्यंत माइक लागत नाही. अर्धवर्तुळात बसवावे, मुले पुढे सतरंजीवर आणि वडीलधारी मागे खुर्च्यांवर असावीत. पंख्याचा आवाज होत असेल तर त्याची गती कमी करावी. माइक असेलच तर तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा बाजूला धरावा, नाहीतर प, फ आणि भ आदळतात. खाणे नंतर द्यावे. थंडीत आपल्याकडे गजक, म्हणजे तिळगुळाची कुरकुरीत वडी, हमखास असते, आणि ऐन नाजूक ओळीला वीस जणांनी ती एकदम चावली की काय होते ते सांगायला नको.

परवानगीचा विचार आधीच करावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो आणि ती मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. १९१८ मध्ये गेलेले बालकवी, १९४१ मध्ये गेलेले तांबे आणि १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी यांचे साहित्य त्यामुळे मुक्त आहे. हयात किंवा अलीकडच्या लेखकाची पूर्ण कथा जाहीर कार्यक्रमात सांगायची किंवा ध्वनिमुद्रित करून पाठवायची असेल तर लेखकाला किंवा प्रकाशकाला पत्र लिहावे. आणि प्रत्येक वेळी, अपवाद न करता, लेखकाचे नाव सुरुवातीला घ्यावे.

शेवटची गोष्ट पुढच्या बैठकीची आहे. मागच्या वेळची कथा एखाद्या मुलाला त्याच्या शब्दांत सांगायला लावावी, मग ती अर्धी हिंदीत आली तरी चालेल, आणि मध्ये एकही दुरुस्ती करू नये. त्याने काय काय सांगितले ते आपल्या वहीत टिपून घ्यावे. ओले तळवे त्याच्या सांगण्यात आले आणि आईचे वाक्य आले नाही, असेही होते. जे चित्र त्याच्या तोंडी आले ते आपण नीट दाखवले होते. जे आले नाही ते पुढच्या वेळी अधिक सावकाश सांगावे.